तलावातली चाकोरी

तीस वर्षं मी अमरावतीच्या एका शाळेत मुलांना सायन्स शिकवलं. कोणी भुताखेताची गोष्ट काढली की मी हटकून विचारायचो — पाहिलं कोणी? मोजलं कोणी? त्यामुळे हे लिहायला बसताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण हे मी स्वतः पाहिलंय... भर उजेडात. आणि काठीने मोजलंयसुद्धा.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. मी कॉलेजात होतो आणि सुट्टीत वलगावला मामांकडे जायचो. मामांचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी अमरावतीच्या बाजारात न्यायला त्यांनी बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची जुनी उघडी मोटार घेतली होती. मागची सीट काढून तिथे टोपल्या ठेवायच्या. पहिल्याच दिवशी वळणावर मामांनी ब्रेक दाबायचं सोडून स्टीअरिंग छातीशी ओढलं आणि बैलांना म्हणतात तसं "हो, हो" म्हणाले. मोटार विहिरीच्या कठड्याला धडकून थांबली. त्या दिवसापासून मोटार मामी चालवायची. नऊवारीत, अनवाणी, पदर कमरेला खोचून. गावातले लोक आधी हसले, मग तिची मोटार आली की अदबीने बाजूला उभे राहू लागले. इतका हलका हात मी पुढे कुठल्याही ड्रायव्हरचा पाहिला नाही.

मामांना जंगलाचा भारी नाद. त्या फाल्गुनात राहुटी आणि चार भांडी घेऊन आम्ही तिघं परतवाड्याच्या पुढे, मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका तलावावर मुक्कामाला गेलो. तलाव पूर्व-पश्चिम लांबलचक. दक्षिणेला सडक, उत्तरेला जंगल. जंगलाच्या काठावर पोचायचं तर पश्चिमेकडून सात मैलांचा फेरा, आणि रस्ता असा नाहीच. सागाच्या खोडांमधून, दगडधोंड्यांच्या नाल्यातून मामीने मोटार इतक्या अलगद काढली की मागे ठेवलेल्या माठातलं पाणीही फारसं हिंदकळलं नाही. दोन तास लागले. तिथेच, जंगलाकडच्या काठावर, राहुटी ठोकली.

पाणी आटून तलावाचे दोन तुकडे झाले होते. मधे काळ्या गाळाचा पट्टा, या काठापासून त्या काठापर्यंत अर्धा मैल. वरून वाळलेला, भेगाळलेला. जंगलखात्याच्या नाकेदाराने येतानाच बजावलं होतं की तिकडे पाय टाकू नका, मागच्या हप्त्यात त्यात म्हैस रुतून मेली. पण जागा काय देखणी होती! पलीकडच्या काठावर पळस नुसता पेटलेला, पाण्यावर बदकांचे थवे. मामा चहाचा पेला हातात धरून तासभर बसून राहिले, चहा निवून गेला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी पाणी आणायला गेली आणि तिथूनच तिने मला बोलावलं. गाळाच्या पट्ट्यावर मोटारीची चाकोरी उमटली होती. आमच्या काठापासून सुरू होऊन पार पलीकडे गेलेली. आमच्या डाव्या मागच्या टायरला चामड्याचं ठिगळ शिवलेलं होतं, त्याचा आडवा ठसाही दर काही हातांवर दिसत होता. म्हणजे मोटार आमचीच. पण ती तर राहुटीशेजारी जागच्या जागी उभी. बॉनेटवर दव, चाकं कोरडी. इंजिन सुरू करायला पुढून फिरवायचं लोखंडी हँडल मामीच्या उशाखाली.

मी चाकोरीवरून चालत निघालो. पायाखाली टणक लागत होतं. एक पाऊल बाजूला टाकलं तर गुडघाभर आत गेलो. साधारण मध्यावर मोटार थांबल्याची खूण होती. तिथे अनवाणी पावलं... ड्रायव्हरच्या बाजूने उतरून मोटारीच्या पुढे गेलेली. पुढे दोन ठसे खोल रुतलेले, हँडल मारताना पाय रोवावेत तसे. पावलं बाईची, बोटातल्या जोडव्याची खूणसुद्धा स्पष्ट. हे मात्र मला पटेना. कारण हँडल नेहमी मामा नाहीतर मी मारायचो. मामीने तोवर एकदाही मारलं नव्हतं.

परत येऊन मी सगळं सांगितलं. कोणीतरी गंमत केली असेल, असं म्हणून मामा चुलीसाठी लाकडं फोडायला बसले. पाच-दहा मिनिटंही झाली नसतील... कुऱ्हाड निसटली आणि त्यांच्या पोटरीत घुसली.

मी धोतर फाडून घट्ट बांधलं, वरून दोन्ही हातांनी दाबून धरलं. तरी बोटांमधून रक्त येतच होतं. फेऱ्याने जायचं तर दोन तास. मामा पांढरे पडले होते. त्यांना मोटारीत मागे निजवलं, मी त्यांच्यापाशी बसलो. मामीने एकदा फेऱ्याच्या वाटेकडे पाहिलं, एकदा गाळाकडे.

मी म्हणालो, "मामी, मधे रुतलो तर तिघंही गेलो."

"तू त्यायचा पाय सोडू नको," ती म्हणाली. "बाकीचं मी पाह्यते."

रुळात बसावीत तशी चाकं त्या चाकोरीत बसली. दोन्ही बाजूंना गाळ दुधावरच्या सायीसारखा थरथरत होता. मध्यावर इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं. मला हात काढता येत नव्हते. मामी उतरली, हँडल घेऊन पुढे गेली. मी कडेवरून वाकून पाहिलं. तिची पावलं सकाळच्याच ठशांवर पडत होती, बोटावर बोट. तिचं खाली लक्षही नव्हतं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं आणि आम्ही सडकेवर चढलो.

परतवाड्याच्या दवाखान्यात मामा वाचले, पायही वाचला. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. मामा पुढे जरा लंगडत, पण कितीतरी वर्षं मळ्यात राबले.

आठ दिवसांनी राहुटी आणायला मी नाकेदाराला घेऊन गेलो. मधे पाऊस पडला नव्हता. चाकोरी तशीच होती. बाजूच्या गाळात काठी खुपसली, हातभर आत गेली. मग खुद्द चाकोरीत खुपसली... तिथेही हातभर गेली. चार ठिकाणी करून पाहिलं. नाकेदाराने स्वतःही काठी खुपसून पाहिली. मग एवढंच म्हणाला, "इथून मोटार जातच नाही, बाबू."

तेव्हापासून मी पुष्कळ डोकं चालवलंय. वरची पापडी तेव्हा जाड असेल, नंतर खालून पाणी पाझरलं असेल... त्याने जमिनीचं कोडं कदाचित सुटेल. ठिगळाचं आणि जोडव्याचं सुटत नाही.

मामीला मी एकदाच विचारलं, ती अगदी म्हातारी झाल्यावर. अंगणात मेथी निवडत बसली होती. म्हटलं, त्या चाकोरीवर तू एवढा भरवसा कसा टाकलास?

तिने हातातली काडी बाजूला टाकली. "चाकोरी होती म्हनून गेली, असं वाट्टे का तुले? नसती तरी गेलीच असती मी."

मग ती चाकोरी नेमकी कोणासाठी उमटली होती, हे मला अजूनही सांगता येत नाही.