कट्टी घेता येईल असं गाव

घर निवडणं हे काम मला जमतं, आणि ते सांगताना मी उगाच लाजत नाही. नवऱ्याची नोकरी केमिकल कंपन्यांतली. आधी महाड, मग लोटे, मग कुरकुंभ. दर वेळी तो पुढे जाऊन कामावर रुजू व्हायचा आणि घर शोधायचं खातं माझ्याकडे यायचं. नळ सोडून बघण्यात काही अर्थ नसतो हे मी पहिल्याच गावात शिकले, कारण एजंट टाकी भरूनच घर दाखवतो. खरं काय ते जिन्यात भेटलेली बाई सांगते, तेही एजंट फोनवर बोलायला बाजूला गेला की. त्यामुळे मी नेहमी एजंटला फोन येण्याची वाट बघते.

अंबरनाथची नोकरी आली तेव्हा मुलगी तिसरीत जाणार होती आणि मुलगा तीन वर्षांचा होता. ही कंपनी लहान, कारखाना एकच, म्हणजे बदली व्हायची म्हटली तरी कुठे होणार? नवरा हे सांगत होता तेव्हा मी पोळ्या करत होते. तवा तसाच गॅसवर ठेवून मी मुलीसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "ऐक. आता जे घर घेऊ ते शेवटचं. शाळाही शेवटची, दहावीपर्यंत."

ती म्हणाली, "छान आहे."

तिचं हे 'छान आहे' मला चांगलं ठाऊक होतं. पाहुणे म्हणून गेल्यावर आपण पोह्यांना देतो तसलं. नवरा मात्र खूश. "बघ, किती समजूतदार आहे," म्हणाला. आठ वर्षांचं पोर समजूतदार असलं की बापांना बरं वाटतं, मला काळजी लागते.

ती अशी नव्हती. लोट्याच्या कॉलनीत ती एक नंबरची भांडखोर होती. तिथे तिची एक जिवाची मैत्रीण होती, समोरच्याच क्वार्टरमधली. दोघींची दिवसातून दोनदा कट्टी व्हायची. हनुवटीखाली अंगठा लावून कट्टी, संध्याकाळी दोन बोटं जुळवून बट्टी. आम्ही लोटे सोडायच्या आदल्या दिवशी एका बाहुलीच्या फ्रॉकवरून त्यांची कट्टी झाली. नेहमीची, संध्याकाळी सुटणारी. पण ती मैत्रीण आजोळी गेली आणि आमचा टेम्पो सकाळीच लागला. मुलगी रिकाम्या क्वार्टरच्या पायरीवर बसून राहिली होती. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा मीच तिला उचलून आत बसवलं. त्यानंतर कुरकुंभला तिने कुणाशी कट्टी घेतली नाही. गट्टीही केली नाही. सगळ्यांशी नीट वागायची, आपला खाऊ वाटून टाकायची, कुणी ढकललं तर बाजूला व्हायची. शाळेच्या बाई म्हणायच्या, किती गुणी मुलगी आहे. मला ऐकून रडू यायचं.

तेव्हा या वेळी मला घर शोधायचं नव्हतं. माझी भांडखोर मुलगी मला परत मिळेल असं गाव शोधायचं होतं. नवऱ्याला मी हे एवढ्या शब्दांत सांगितलं नाही, कारण त्याने त्याचा तक्ता करून ठेवला असता.

त्याचं मत अंबरनाथ. कारखान्यापासून बाइकवर पाच मिनिटं, जेवायला घरी येता येईल. घरही चांगलं होतं, हवेशीर, मागे आंब्याचं झाड. एजंटला फोन आला आणि तो गॅलरीत गेला, तशी मी जिन्यात सटकले. खालच्या मजल्यावरची बाई दारात पापड वाळत घालत होती. मी विचारलं, "किती वर्षं झाली तुम्हाला इथे?"

"बारा. पण आता काय, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. सह्या झाल्या सगळ्यांच्या. तुम्हाला बोलला नाही तो?"

तो बोलला नव्हता. नवरा म्हणाला, "अगं, सह्या झाल्या म्हणजे लगेच पाडत नाहीत. दोन-तीन वर्षं आरामात जातात."

"म्हणजे ती पाचवीत जाईल तेव्हा परत टेम्पो," मी म्हटलं, आणि त्याला पुढे बोलू दिलं नाही.

शेजारच्या उल्हासनगरने मात्र मला जवळजवळ जिंकलं होतं. कॅम्प तीनमधलं घर, खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मोठी गच्ची. शेअर रिक्षातून उतरलो तर गल्लीभर शिलाई मशिनांचा आवाज. जिकडे तिकडे जीन्सचे गठ्ठे, हातगाडीवर, स्कूटरवर, माणसांच्या डोक्यावर. घरमालकीण सिंधी आंटी. तिने आम्हाला घर दाखवायच्या आधी खायला बसवलं. दाल-पकवान. मुलाने पकवानाचा कडकडून तुकडा मोडला आणि आंटीच्या मांडीवरच जाऊन बसला. त्याला कुठलंही गाव चालतं. जिथे खायला मिळेल ते त्याचं गाव.

आंटीलाही मी तोच प्रश्न विचारला.

"मैं? मैं तो इधर ही पैदा हुई, बेटा," ती म्हणाली. "हमारे बड़े एक बार सब छोड़के निकले ना, बस हो गया. अब हम नहीं निकलते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, झालं, इथेच राहायचं. भाषा वेगळी असली म्हणून काय बिघडलं? न निघणारी माणसं इथे आहेत. नवऱ्याला मी डोळ्यांनी तसं खुणावलंही. आणि तेवढ्यात लक्षात आलं की मुलगा जागेवर नाही.

जिना उतरून खाली आले तेव्हा माझा जीव वर आला होता. गल्लीत रिक्षा, टेम्पो, हातगाड्या, आणि त्या सगळ्यांत माझ्या मुलाच्या उंचीची एकही वस्तू दिसत नव्हती. आंटी दुकानाच्या पायरीवरून ओरडली आणि अख्खी गल्ली शोधायला लागली. सापडला तो समोरच्याच कारखान्यात, न धुतलेल्या जीन्सच्या ढिगाऱ्यावर मांडी घालून. कारागीर हसत होते. मी एक धपाटा घातला आणि मग त्याला इतका आवळून धरला की तो त्यामुळेच रडला.

घर दोन गोष्टींनी हुकलं. एक हा हातातून निसटणारा मुलगा. दुसरं, गच्चीचा कठडा बुटका, म्हणजे मुलांना खेळायला फक्त जिना. "छान आहे," मुलगी तिथेही म्हणालीच होती. आंटीला नाही सांगताना मला खरोखर वाईट वाटलं. ती म्हणाली, "कोई बात नहीं, बेटा. आते रहना. जीन्स मेरे बेटे के इधर से लेना." हे मात्र आम्ही पाळलं आहे.

मग उरलं बदलापूर. कल्याणची माझी नणंद म्हणाली होती, "तिथून पुढे काय, कर्जतच की!" जणू कर्जतला जग संपतं. एजंटने शिरगावात नवी बिल्डिंग दाखवली. कुठल्याच मजल्यावर माझा प्रश्न चालला नाही, कारण अर्ध्या दारांवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. किती वर्षं झाली असं विचारावं असं तिथे कोणी नव्हतंच. गेटपाशी एक म्हातारी तिच्या शेतातली भेंडी आणि वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. शेवटी तिलाच विचारलं.

ती हसायला लागली. "आमी कुठं जानार बाय? आमचं सगलं इथंच. तुमीच लोक येता नि जाता."

ते मला लागलं. मी शेंगा घेतल्या आणि गेटच्या आतल्या बाकाकडे गेले. नवरा वर पार्किंगचं बोलत होता. संध्याकाळ झाली होती. खालच्या मोकळ्या जागेत पोरं क्रिकेट खेळत होती, म्हणजे आउट की नॉट आउट यावर भांडत होती. बाकावर आधीच दोन मुली बसल्या होत्या, माझ्या मुलीएवढ्याच. एकमेकींकडे पाठ करून. बाक लांब नव्हता, पण दोघींनी मध्ये एका माणसाची जागा सोडली होती. मी तिथे बसले.

"काय गं, काय झालं?"

"काकी, तिला सांगा, माझी रिंग परत दे," उजवीकडची म्हणाली.

"काकी, तिला सांगा, मी कट्टी आहे," डावीकडची म्हणाली.

मी निरोप इकडून तिकडे पोचवले. थोड्या वेळाने त्यांना माझी अडचण वाटायला लागली. मी उठले आणि दहा पावलं गेले नसेन, तोवर मागे बट्टी झाली होती. मी वर गेले आणि नवऱ्याला म्हटलं, "हेच घर."

"का? काय बघितलंस?"

"भांडण."

"भांडण बघून घर घेतात?"

"हो," मी म्हटलं. "पार्किंग तू बघ."

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "छान आहे."

राहायला आलो. नव्या शेगडीवर दूध उतू घातलं. मुलाने ते बोटाने चाटलं आणि चटका बसला म्हणून बोंब ठोकली, तेव्हा शेजारचे तीन फ्लॅट आमच्या घरात जमले. ओळखी करून घ्यायला याहून चांगली सोय नाही. महिन्याभरात डबे इकडून तिकडे जायला लागले. त्या बाकावरच्या दोघींतली एक, रिंगवाली, दुसऱ्या मजल्यावर राहते असं कळलं. ती रोज मुलीला खेळायला हाक मारायची आणि मुलगी रोज जायची. सगळं नीट चाललं होतं. पण त्या मुलीने हिची सायकल घेतली की ही चालत घरी यायची. राज्य आलं की मुकाट्याने घ्यायची. बायका म्हणायला लागल्या, किती गुणी मुलगी आहे हो तुमची. झालं, कुरकुंभच.

दिवाळीच्या साफसफाईला मी स्टुलावर चढले होते आणि ती खालून फडकी देत होती. मला राहवलं नाही. "ती तुझी सायकल तासन्‌तास फिरवते. तू भांडत का नाहीस?"

"जाऊ दे ना," ती म्हणाली. "मग आपण जायच्या वेळी तसंच राहतं."

"आपण कुठेही जात नाही! कितीदा सांगू?"

तिने फडकं धरलेल्या हाताने वर माळ्याकडे दाखवलं. "मग ती खोकी कशाला ठेवलीस?"

माळ्यावर आमची खोकी होती. घडी करून, सुतळीने बांधून, उभी लावलेली. महाडपासूनची. दर वेळी सामान लागलं की मी ती नीट उघडून, चिकटपट्टी सोलून, घडी घालून ठेवते. बदलीवाल्या घरांत हे सगळ्याच बायका करतात. चांगली जाड खोकी कुणी टाकतं का, परत लागतात. त्यांवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'भांडी', 'नाजूक', 'मुलीचं'. ते शेवटचं तिला वाचता यायला लागून दोन वर्षं झाली होती.

मी स्टुलावरून उतरले नाही. एकेक गठ्ठा तिच्या हातात खाली दिला.

रद्दीवाल्याला देता आली असती. पण मला ती तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच हातांनी घालवायची होती, आणि ज्यांना 'निघत नाही' म्हणजे काय ते कळतं त्यांच्याकडे. रविवारी आम्ही दोघी गठ्ठे घेऊन उल्हासनगरला गेलो. शेअर रिक्षावाला म्हणाला, "ताई, सामान का अलग लगेगा." लागू दे म्हटलं. आंटीच्या मुलाला माल भरायला खोकी हवीच असतात. मुलीने 'मुलीचं' लिहिलेलं खोकं सगळ्यात शेवटी दिलं.

आंटी म्हणाली, "इतने अच्छे बक्से! फिर लगेंगे तो?"

"नहीं लगेंगे," मी म्हटलं. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. येताना शिरगावच्या वळणावर तिने रिक्षावाल्याला माझ्याआधी सांगितलं, "भैया, इधर ही रोको, हमारा घर है."

त्यानंतर लगेच काही झालं नाही. मी रोज संध्याकाळी भांडी घासताना खिडकीतून खाली बघायचे. नवरा म्हणायचा, "कशाची वाट बघतेस?" मी म्हणायचे, पाण्याची.

आणि मग थंडीतल्या एका संध्याकाळी जिन्यात पावलं आपटत आली. दार भिंतीवर आदळलं. मुलगी आत आली, केस विस्कटलेले, कान लाल, डोळ्यांत पाणी. चप्पल एक इकडे, एक तिकडे.

"मी तिच्याशी जन्माची कट्टी घेतलीय! माझीच सायकल आणि मलाच म्हणते, तू मागे बस! मी तिला ढकललंच! आता ती आली तर सांग, मी घरात नाही!"

नवरा घाबरून उठला. "अगं, असं ढकलायचं नाही बाळा, आपण सॉरी म्हणू..." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत खाली बसला. मला हसू येत होतं आणि रडूही, म्हणून मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलगी आत जाऊन पलंगावर पालथी पडली. बराच वेळ तिचं हुं हुं चाललं होतं. मग ते थांबलं आणि ती ओट्यापाशी आली, माझ्या ओढणीचं टोक धरून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "कट्टी किती दिवस ठेवायची असते?"

"तुला वाटेल तितके दिवस ठेव," मी म्हटलं. "आपल्याला कुठे जायचंय?"