जामाच्या झाडावर मारलेली दवा

रिटायर झाल्यावर माझ्या सासऱ्यांनी अंगणातल्या पेरूच्या झाडाला वाहून घेतलं. इंदुरात पेरूला जाम म्हणतात. मी लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा पेरू म्हटलं की ते हसायचे. "सूनबाई, इथे पेरू मागशील तर उपाशी राहशील." सासूबाई गेल्यानंतर घरात आम्ही तिघंच. मी शाळेत, नवरा सांवेर रोडच्या कारखान्यात, त्यामुळे दिवसभर ते आणि झाड एवढंच.

गेल्या हिवाळ्यात झाड फळांनी वाकलं होतं. अर्ध्या फांद्या कंपाउंडच्या भिंतीवरून गल्लीत झुकलेल्या. त्याच दिवसांत खोडावर तपकिरी पट्टे दिसू लागले. भुसा आणि जाळं यांचे, गोणपाटासारखे. एक पट्टा मी ओढला तर सहज सुटून आला. खालची साल खरवडलेली होती आणि बेचक्यात एक गोल भोक होतं. अळी दिवसा त्या भोकात बसते आणि अंधार पडला की बाहेर येऊन साल खाते.

सासऱ्यांनी भोकात तार घातली, पेट्रोलचा बोळा कोंबला, वर चिखल लिंपला. आठवडाभर बरं वाटलं. मग वरच्या फांदीवर नवा पट्टा आला, नंतर त्याच्याही वर. एक जाड फांदी वाळून गेली. ते जेवताना मध्येच उठून खिडकीतून झाड बघायला लागले.

"बाबा, जेवा ना."

"अगं, आतून पोखरतायत. बाहेरून हिरवंगार दिसतंय, हेच वाईट."

एक दिवस ते बेटम्याला गेले. तिथे त्यांचे ऑफिसातले एक जुने मित्र शेती बघतात. संध्याकाळी येताना पिशवीतून एक बाटली आणली. खसच्या सरबताची बाटली, आत दुधी पाणी, बुचावर प्लास्टिक गुंडाळून रबर लावलेलं. ती त्यांनी ओट्यावर ठेवली, मिठाच्या बरणीशेजारी.

"हे काय आहे?"

"दवा. एकदम कडक. त्याने सोयाबीनवर मारली, सारी इल्ली साफ."

"नाव काय औषधाचं?"

"नाव घेऊन काय करायचंय?"

मी ती कापडात धरून उचलली आणि मागच्या दारी, पाण्याच्या मोटरीवरच्या फळीवर ठेवली. साबणाने हात धुतले तरी लसणासारखा वास जाईना. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी बोलतो बाबांशी." आणि बोललाही. सासरे म्हणाले, "हां, हां, मास्क लावून मारीन."

रविवारी नवऱ्याची ड्यूटी होती. मी केस धुऊन बाहेर आले तर ते स्टुलावर उभे राहून फवारत होते. तोंडाला नुसता गमछा बांधलेला. वारा त्यांच्याच दिशेने होता. पंप गळत होता आणि स्वेटरची बाही कोपरापर्यंत ओली झाली होती.

"बाबा, खाली उतरा! स्वेटर काढा आधी!"

"झालंच गं. एवढी फांदी."

ती फांदी संपवूनच ते उतरले. मी ओरडत राहिले म्हणून स्वेटर काढला, हात धुतले, पण आंघोळीला थंडी वाजते म्हणाले. ओट्याजवळच्या खुर्चीवर बसून चहा मागितला. मी कप पुढे केला तेव्हा त्यांना तो धरता येईना. कपाळावरून घाम वाहत होता, त्या थंडीत. तोंडातून लाळ आली. ती त्यांनी गमछ्याने पुसली, परत आली.

"सूनबाई, उजेड कमी झाला का?"

बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

मी शेजारच्या भियांना, इथे भैयाला भिया म्हणतात, हाक मारली. त्यांनी गाडी काढली. वाटेत सासऱ्यांना उलट्या झाल्या, दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप उडत होते. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कौनसी दवा थी? बोतल लाए हो?"

बाटली मी येताना उचलली होती, पण तिच्यावर खसचं चित्र. नवरा कारखान्यातून धावत आला. तो बेटम्याला फोन लावत राहिला, रिंग जात राहिली, कोणी उचलेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "रुक नहीं सकते, लक्षण देखकर शुरू करता हूँ." आणि त्यांनी इंजेक्शनं सुरू केली.

मी बाहेर बाकावर बसले होते. समोर कोणी तरी पेशंटसाठी संत्री सोलत होतं. ते बघता बघता मला आमचं झाड आठवलं. झाड फळांनी लगडलेलं होतं. गल्लीवरच्या फांद्याही त्यांनी फवारल्या होत्या, आणि जाता-येता ते जाम सगळेच तोडत. मी शेजारच्या भाभींना फोन केला. "भाभी, झाडाचा एकही जाम कोणाला खाऊ देऊ नका. जहर है उसपे."

त्या लगेच गेल्या. थोड्या वेळाने फोन आला. अंगणातली फळं जागेवर होती. गल्लीकडच्या खालच्या फांदीवर मात्र नुसते तुटलेले देठ होते, ताजे.

भाभींनी घरोघर विचारलं. कोणी घेतले नव्हते. कोणी घेतले असले तरी बोललं नाही. गल्ली तशी रहदारीची आहे. खजरान्याच्या गणपतीला पायी जाणारे लोक तिथूनच जातात.

चौथ्या दिवशी सासरे धोक्याबाहेर आले. बेटम्याच्या मित्रांना औषधाचं नाव तेव्हाही आठवत नव्हतं. घरी आल्यावर बाबा हळू बोलायला लागले, शब्द शोधत. झाडाकडे त्यांनी पाहिलं नाही. नवऱ्याने उरलेली फळं उतरवून खोल खड्ड्यात पुरली आणि भिंतीवर हिंदीतून मोठ्या अक्षरांत धोक्याची पाटी लावली.

त्या महिन्यात मी रोज वर्तमानपत्राचं इंदूरचं पान आधी उघडत असे. शाळेत एखादं मूल पोट धरून बसलं की विचारत असे, "काय खाल्लंस? कुठून आणलंस?" कुठूनच काही कळलं नाही. ज्यांनी ते जाम तोडले त्यांनी धुऊन खाल्ले असतील, किंवा वास आला म्हणून फेकून दिले असतील, असं नवरा म्हणतो. तसंच असेल.