चौदा नावं आणि सौजन्य

नगरला मामाचं स्मृतिचिन्हांचं दुकान आहे. सत्कार, सेवानिवृत्ती, कुस्त्यांचे आखाडे, चर्चचे वर्धापनदिन, सगळ्यांना लागणारी लाकडी ढाल आणि तिच्यावरची पितळी पट्टी आम्ही बनवतो. कोरायचं मशीन मी चालवते.

माझे वडील तिसगावच्या बाजूला शिक्षक होते. ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी ते पत्रकं लिहायचे. पाढ्यांच्या आधी मी पत्रकं वाचायला शिकले. शेवटच्या पत्रकात नुसती नावं होती, उसाच्या फडात जीव गेलेल्या आमच्या भागातल्या बायकांची. त्यावरून वडिलांची नोकरी गेली, आणि पत्रकं पुढच्या बाजारी भेळेच्या पुड्यांना लागली. मामाने आई, वडील आणि मी, आम्हा तिघांना दुकानावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. त्याबद्दल तो आजवर एक शब्द बोललेला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

गेल्या वर्षी कॅनडातल्या मावसभावाने ऑर्डर पाठवली. तो तिथे वृद्धाश्रमात काम करतो. तळ्याकाठचं ते गाव दीडशे वर्षांपूर्वी आइसलँड सोडून आलेल्या लोकांनी वसवलेलं. त्यांच्या येण्याची आठवण म्हणून घरोघर द्यायला साठ ढाली हव्या होत्या. वर एक होडी, आणि खाली पहिल्याच हिवाळ्यात देवीच्या साथीत गेलेल्या चौदा जणांची नावं. बाकी काही नाही.

मामीने यादी पाहिली. "ह्या बायांना आडनाव न्हाई व्हय?"

"बापाचं नाव लावतात. लग्नानंतरसुद्धा तेच."

"बरंय बाई त्यांचं," मामी म्हणाली. "हितं माझ्या बापाचं नाव रेशनकार्डातून सुद्धा गेलं."

मग मामा आला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "सौजन्य कुठंय?"

"नाहीये, मामा. गाव स्वतःच स्वतःला देतंय."

"येडी का काय! बिनसौजन्याची ढाल? लोक म्हणतील चोरून आणली."

आमच्या धंद्यात देणाऱ्याचं नाव घेणाऱ्यापेक्षा एक माप मोठं असतं. हा नियम मोडलेली ढाल मी या दुकानात पाहिलेली नाही. मामाने तळाशी 'सौजन्य' टाकून मावसभावाचं नाव ठळक लिहिलं, त्याखाली आपल्या गावाचं आणि दुकानाचं. जागा पुरेना, म्हणून शेवटची पाच नावं काढली. ती वर्षाच्या आतली मुलं होती.

"बारकी लेकरं हायेत गं. त्यांना कोन वळखतंय?"

मी मशीनवरून उठले. "मी हे कोरणार नाही."

मामा रागावला नाही. त्याने मावसभावाला फोन लावला, स्पीकर सुरू केला. माझी खात्री होती की तो ओशाळून नको म्हणेल.

"मामा, माझं नाव घालताय? खरंच?" आणि मग, हळू आवाजात, "इथं पाच वर्षं झाली. अजून सगळ्यांना मी नुसता वृद्धाश्रमातला माणूस आहे. राहू द्या की."

"आणि मुलांची नावं?" मी विचारलं.

"ताई, जमलं तर बघ ना."

वडील जिन्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द, एवढंच मला हवं होतं.

"मामाला चहा विचार," ते म्हणाले आणि वर गेले.

मामा चष्मा लावून माझ्या खुर्चीत बसला. स्क्रीनवर नऊच नावं ठेवून त्याने कोरी पट्टी मशीनमध्ये सरकवली. मी नाही म्हटल्याने काहीच थांबणार नव्हतं. साठ घरांत त्या पाच मुलांशिवाय ढाल लागणार होती, आणि माझे हात तेवढे स्वच्छ राहणार होते.

"सरक, मामा. मी करते. पण चौदाच्या चौदा राहतील."

"सौजन्य?"

"राहू दे."

"मोठं?"

मी मान डोलावली.

जागा तेवढीच होती. मी नावं लहान केली, मग आणखी लहान. सौजन्याला हात लावला नाही. पहिली पट्टी निघाली तेव्हा मामाने ती दाराशी उजेडात नेली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"बघ, बसली का न्हाई समदी?"

"बसली," मी म्हणाले, आणि दुसरी पट्टी लावली.