टेबल तेवढं आलं

नव्या लायब्ररीच्या काचेच्या गेटपाशी मी आत उभी होते आणि माझ्या बायका बाहेर. माझ्या बायका म्हणजे दर बुधवारी माझ्या टेबलावर डच बोलायला येणाऱ्या. सगळ्यांत पुढे रोहिणी, हातात शंकरपाळ्यांचा डबा. तिच्यामागे एक तुर्की आजी, दोघी इराणी बहिणी आणि हैदराबादची फातिमा. मी माझं स्टाफ कार्ड टेकवलं. गेट उघडलं, मी बाहेर गेले, गेट मिटलं. पुन्हा टेकवलं, मी आत आले, गेट मिटलं. एका कार्डावर एकच माणूस.

"काकू, हे काय चाललंय आत-बाहेर?" रोहिणी म्हणाली. "आमच्याशी लपाछपी खेळताय का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तोवर मला वाटत होतं, मशीन बिघडलंय.

नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनमधल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. पुण्यात लायब्रेरियन होते, लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, जवळच्या न्यूनेन गावात घर केलं, डच शिकले आणि काउंटरवर पुस्तकांची देवघेव करण्यापासून सुरुवात केली. पुढे माझं पद 'माहिती तज्ज्ञ' झालं. काम तेच राहिलं, फक्त खुर्चीला हात आले. डचचा मात्र मला फार गर्व. भारतीय समारंभात कुणी डच पत्र घेऊन आलं की मी चष्मा पुसून, घसा खाकरून वाचायची. आज ती घसा खाकरणारी बाई मला कुठे भेटली, तर मी रस्ता बदलीन.

बुधवारच्या टेबलाला आम्ही टालकॅफे म्हणायचो. टाल म्हणजे भाषा. विद्यार्थी असो की बाहेरची, कुणीही यावं, गोल टेबलाशी बसावं आणि डच बोलावं. नियम एकच: स्वतःची भाषा नाही, इंग्रजी तर नाहीच. ज्याच्या तोंडून इंग्रजी निघालं, त्यानं लहान मुलांच्या वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचायची. तुर्की आजी हत्तीच्या पिल्लाची बातमी इतक्या वेळा वाचून बसली होती, की ते पिल्लू आमच्यादेखत मोठं झालं.

रोहिणी सांगलीची, फार्मसी शिकलेली. नवरा कॉम्प्युटर चिपच्या मशीन्स बनवणाऱ्या कंपनीत. त्याचं सगळं इंग्रजीत भागायचं. हिला औषधाच्या दुकानात काम हवं होतं. तिच्या घराजवळच्या दुकानाच्या मालकिणीनं तिला सांगितलं होतं, "तुझं शिक्षण उत्तम आहे. पण काउंटरवर म्हातारी माणसं येतात, ती डचच बोलतात. उन्हाळ्यानंतर ये. एक दिवस उभी राहून दाखव. जमलं तर जागा तुझी." म्हणून रोहिणी एकही बुधवार चुकवत नसे. घरी नवऱ्याशी मराठी, मुलाच्या शाळेत इंग्रजी, दुकानात मशीनवर पैसे. डच बोलायला तिला आमच्या टेबलाखेरीज जागाच नव्हती.

त्याच वसंतात लायब्ररी नव्या बिल्डिंगमध्ये हलवायचं ठरलं. काय न्यायचं, काय टाकायचं, यावर मीटिंग. येरून आमचा मॅनेजर. इथे साहेबालाही नावानं आणि एकेरीच हाक मारायची. येरूनला पुस्तकांची ॲलर्जी होती. थट्टा नाही, धुळीनं खरोखर शिंका यायच्या त्याला. नव्या जागेत रॅक निम्मे होणार होते. न लागणारी पुस्तकं काढून टाकण्याला आमच्या धंद्यात वीडिंग म्हणतात. शेतातली निंदणी, तसंच. मी एकेका रॅकसाठी भांडले. जुने यंत्रशास्त्राचे खंड वाचवले, बांधीव मासिकं वाचवली. वीस वर्षांत कुणी न उघडलेले कोश वाचवले. छाती फुगवून बसले. मग सगळे कोट घालू लागले तेव्हा मी म्हणाले, "आणि टालकॅफे?"

येरून म्हणाला, "चांगला मुद्दा, शैला. डाट नेमन वे मे."

शब्दशः अर्थ: ते आपण सोबत नेतो.

मला इतका आनंद झाला की मी त्याला नाक पुसायला स्वतःचा रुमाल दिला.

पुढच्या बुधवारी मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. नुसतं सांगितलं नाही, त्याचा धडा घेतला. 'मेनेमन' म्हणजे सोबत नेणं. हे क्रियापद वाक्यात तुटतं आणि त्याचा 'मे' शेवटी जाऊन बसतो. बटाट्याच्या फ्राइजच्या दुकानात "मेनेमन?" असं विचारतात, तेव्हा त्यांना विचारायचं असतं, पार्सल का?

"म्हणजे आपण पार्सल?" रोहिणीनं डचमध्ये विचारलं.

"हो! आपण पार्सल. नव्या बिल्डिंगला."

टाळ्या पडल्या. माझ्या शिक्षकी आयुष्यातला तो सर्वोत्तम तास असावा. व्याकरण अगदी बरोबर होतं.

त्याच आठवड्यात वस्तीतल्या समाजकेंद्राच्या बाईंचा फोन आला. "तुमची लायब्ररी हलतेय असं ऐकलं. आमच्याकडे बुधवारी एक खोली रिकामी आहे. उन्हाळाभर घ्या, नंतरही राहा." मी म्हटलं, "आभारी आहे, पण आमची सोय झाली आहे." असं म्हणताना माझा आवाज कसा होता ते मला अजून ऐकू येतं. लग्न ठरलेल्या मुलीची आई दुसऱ्या स्थळाला नकार देते ना, तसा. बायकांना सांगितलं, सुट्टीत आराम करा, सप्टेंबरात भेटू.

सामान हलवताना रंगीत स्टिकर होते. लाल म्हणजे टाका, हिरवा म्हणजे न्या. मी गोल टेबलाला हिरवा लावला. एक निघून पडेल म्हणून खालून आणखी एक लावला.

आणि सप्टेंबरात आम्ही गेटपाशी.

आतून आन्स आली. आन्स माझ्याबरोबर काउंटरवर होती, इथल्याच ब्राबांट प्रांतातली, तोंडाची फटकळ. "शैला, बाहेरच्यांना कार्ड नाही मिळत. विद्यार्थी आणि स्टाफ, बस. तुला माहीत नाही?"

"पण टालकॅफेचं ठरलंय. येरून म्हणाला ना, डाट नेमन वे मे. तू होतीस तिथे."

आन्स माझ्याजवळ सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, "अगं, ते म्हणायची पद्धत आहे. मुद्दा लक्षात घेऊ, असा अर्थ. आणि मीटिंगच्या शेवटी म्हटलं की बहुधा विसरा."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मला काय माहीत, तुला कळलं नाही ते! तू तर लोकांना डच शिकवतेस."

गेटच्या पलीकडे रोहिणीला सगळं ऐकू येत होतं. तिला किती समजलं, ते मी विचारलं नाही. माझ्याच हाताखाली शिकलेली, समजलं असणारच.

मी तशीच येरूनकडे गेले.

"टालकॅफे कुठे आहे?"

"तो आता नाहीये, शैला."

"तू म्हणालास, सोबत नेऊ."

"नेला की. वरच्या मीटिंगमध्ये मांडला. बाहेरची माणसं आत नकोत, असं ठरलं. सेफ्टी."

"मला कुणी कळवलं नाही."

"तू पुन्हा विचारलं नाहीस. मला वाटलं, तुझी दुसरी सोय झाली." मग जरा उत्साहानं म्हणाला, "तुझं टेबल मात्र आलंय. हिरवा स्टिकर होता त्याच्यावर."

टेबल स्टाफच्या किचनमध्ये होतं. त्यावर कॉफीचं मशीन मांडलेलं. येरून वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला भांडता आलं असतं. हे लोक स्पष्टवक्ते, तोंडावर नाही म्हणणारे, असं मी भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्यांनाही गोड नकार देता येतो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्याकडे "बघू" म्हणतात. मी स्वतः "बघू" म्हणून कितीजणांना वाटेला लावलं असेल! पण "बघू"ला कुणी हिरवा स्टिकर लावत नाही. परवा ही गोष्ट नातीला सांगितली, तर ती डचमध्ये म्हणाली, "आजी, आमच्या बाई पण असंच म्हणतात. म्हणजे नाही." तिला हे बालवाडीपासून ठाऊक.

समाजकेंद्राला फोन केला. खोली ब्रिज खेळणाऱ्या मंडळानं घेतली होती. बाई म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात, सोय झाली आहे." त्या दोन-चार दिवसांत हे वाक्य मला सगळ्यांनीच ऐकवलं.

काही बुधवार आम्ही कॉलेजच्या बाहेरच्या बाकांवर बसलो. मग वारा सुटला, तुर्की आजींना खोकला झाला, इराणी बहिणी द हेगला राहायला गेल्या, आणि आपोआप मिटलं.

गेटपाशी अडलो त्याच आठवड्यात रोहिणी दुकानात गेली होती, ठरल्याप्रमाणे, एक दिवस उभी राहायला. एका म्हाताऱ्यानं इथल्या बोलीत विचारलं की खोकल्याचं औषध रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालेल का. प्रश्न तिला समजला होता. उत्तर तर तिला झोपेतही आलं असतं. पण उन्हाळाभर डचचा एक शब्द तोंडातून निघालेला नव्हता. घाबरून ती इंग्रजीत बोलली. म्हातारा मालकिणीकडे वळला. मालकीण संध्याकाळी म्हणाली, "तुझं इंग्रजी फार सुंदर आहे." जागा दुसरीला मिळाली.

आता रोहिणी मोठ्या गोदामात पार्सलं स्कॅन करते. तिथे सगळे बाहेरच्या देशांतले, हातवारे करून भागतं. मध्यंतरी भेटली तेव्हा मी म्हटलं, "अगं, बुधवारी माझ्या घरी ये ना. आपण दोघी बसू, डच बोलू. आता मी दिवसभर रिकामीच असते."

ती हसली. रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, "नको काकू. तुमच्या घरी आपण चहा घेणार आणि मराठीच बोलणार."

खरं होतं. तेवढं बोलणंसुद्धा आमचं मराठीतच चाललं होतं.

मी आयुष्यभर पुस्तकं सांभाळली. वाचवलेले ते कोश नव्या बिल्डिंगमध्ये अजून कुणी उघडलेले नाहीत. ज्या जागी स्वतःची भाषा बाजूला ठेवून चार परकी माणसं चुकतमाकत बोलतात, तशी जागा घरी मांडता येत नाही आणि एकदा गेली की मागवताही येत नाही. कुठल्या लायब्ररीत असं टेबल चालवत असाल, तर मीटिंगमध्ये पुस्तकांच्या आधी त्याचं विचारा. आणि साहेब काहीही म्हणाला, तरी खोलीचा नंबर घेतल्याशिवाय उठू नका.