बसलेले बैल

पोळा चार दिवसांवर आला, की हर्सूलच्या भागूबाई तलावाकाठची गाळमाती घरी आणतात. माती चाळून भिजवतात, तिच्यात थोडा कापूस कुटतात आणि बैल करायला बसतात. वय साठीला टेकलं, तरी बैल काही जमत नाहीत.

"हा बैल हाय का कोल्हा?" त्यांचे यजमान बद्रीनाथराव दरवर्षी विचारतात.

"तुमच्या बहिणीनं शिकवलंय. तिला इचारा," भागूबाईंचं उत्तरही ठरलेलं.

ती बहीण म्हणजे द्वारकाबाई, भागूबाईंची थोरली नणंद. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं. कधी ती महिना महिना भिंतीकडं तोंड करून पडून राहायची, कधी आठ-आठ दिवस डोळ्याला डोळा न लावता बोलत सुटायची. कुणी म्हणे देवाचं आहे, कुणी म्हणे बाहेरचं. पण तिच्या हातात जे होतं, ते आख्ख्या हर्सुलात कुणाकडं नव्हतं. माणसं शहरात नोकरीला लागली, गोठे रिकामे झाले आणि पोळ्याला पूजायला मातीची जोडी उरली. द्वारकाबाई ज्याच्या दारात जसा बैल होता, तसाच घडवून द्यायची. कुणाचा एका शिंगाचा, कुणाचा मान वळवून बघणारा. म्हातारी माणसं जोडी हातात घेऊन नावानं हाक मारायची.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिनं अन्न सोडलं. बद्रीनाथरावांनी तिला शहरात दवाखान्यात ठेवलं. दोन महिन्यांनी ती परत आली. झोप लागत होती, जेवण जात होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता आणि गोळ्यांनी हात थरथरत होते. डॉक्टरांनी भागूबाईंना बजावलं होतं, "गोळी चुकवू नका आणि हातातलं काम सुटू देऊ नका. काम सुटलं, तर पुन्हा भिंतीकडं वळतील."

पोळा जवळ आला तशी द्वारकाबाई आपणहून मातीपाशी जाऊन बसली. भागूबाईंना हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी मातीची बादली धुवायला घेतली, तर तळाशी बैलांच्या मोडलेल्या पायांचा खच. बारीक पाय थरथरत्या बोटांत टिकत नव्हते. भागूबाईंनी बादली होती तशी ठेवून दिली. दुसऱ्या सकाळी ओट्यावर अकरा जोड्या वाळत होत्या. सगळे बैल पाय दुमडून बसलेले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गल्ली जोड्या न्यायला आली. सगळ्यांत पुढं शेजारचे काकासाहेब.

"भागू, हे काय गं? बसका बैल कुणी पूजतं का? औताला बैल बसला म्हंजी साल बुडालं!"

पुढं आलेले हात मागं गेले. अकरा जोड्या ओट्यावर राहिल्या, तर नणंद पुन्हा भिंतीकडं वळणार. आजारी बाई आहे, हात कापतात, पाय मोडले, असं सांगावं म्हणून भागूबाईंनी तोंड उघडलं. पण नणंद समोरच बसली होती. त्यांनी तोंड मिटलं.

"काकासाहेब," दाराशी बसलेली द्वारकाबाई बोलली. दवाखान्यातून आल्यापासूनचा तो पहिला शब्द. "आज सांजच्याला बैलाला काय म्हणता तुम्ही?"

"काय म्हणणार? समदे म्हणतात तेच. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"पाव्हण्याला आवतण देता, अन् जेवायला उभं ठेवता व्हय?"

गल्लीतल्या दगडाबाईला हसू आवरेना. "घ्या काकासाहेब! आता पाट टाका अन् बसवा!"

काकासाहेबांनी एक बैल उचलून फिरवून पाहिला. डावा कान फाटका होता. त्यांच्या चांद्याचा होता तसाच.

"कान तर बरोबर फाडलाय," ते पुटपुटले. मग जोडी छातीशी धरून म्हणाले, "द्वारके, ह्याला दोन पोळ्या जास्तीच्या लागतात बरं का."

"मला नगा सांगू. काकूला सांगा."

दिवेलागणीच्या आत ओटा रिकामा झाला.

पुढं डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि हात स्थिरावले. द्वारकाबाईनं उभे बैल केले, तर लोक घेईनात. "आमाला जेवायला बसलेलेच द्या." मग तिनं शेवटपर्यंत तसेच केले. मध्ये दुखणं दोनदा उलटलं, दोन पोळे तसेच गेले. पण माती तिसऱ्या वर्षी पुन्हा भिजली. चार वर्षांपूर्वी ती झोपेतच गेली.

बादलीतल्या पायांचं भागूबाईंनी कुणाला सांगितलं नाही, यजमानांनाही नाही. यंदा त्यांचीही बोटं जरा कापू लागली आहेत. दोन पाय मोडले, ते त्यांनी पाण्यात सोडले आणि बैलाला बसवून टाकलं.

संध्याकाळी जोडी पाटावर ठेवून त्यांनी खांद्यांना तूप-हळद चोळली. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"कोल्ह्यालाबी पुरणपोळी का?" बद्रीनाथराव मागून म्हणाले.

"बसलाय न्हवं पंगतीत? मग वाढायचं," भागूबाई म्हणाल्या आणि डाळ भिजत घालायला उठल्या.