पेन ड्राइव्हमध्ये गेलेला माझा तास

मंडळी, आज दुपारी माधव नगरातल्या शाळेतून तणतणतच घरी आले. निवृत्तीनंतरही मी तिथे नववीला इतिहास शिकवते. शिकवत होते, असं म्हणायला हवं.

नव्या प्राचार्यांचा हुकूम होता की यापुढे सगळ्यांनी पॉवरपॉइंटवरच शिकवायचं. मी महिनाभर सुनेकडून शिकले. ती म्हणायची, "आई, स्लाइडवर चार ओळी पुरेत." पण मी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या हाताखाली घडलेली, अर्धवट काम मला जमत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीचा अख्खा धडा टाइप केला. माझी उदाहरणं, प्रश्न, विनोदसुद्धा.

आजचा तास छान झाला. प्राचार्य मागे बसून बघत होते. "वाह मॅडम, कमाल कर दिया! ज़रा पेन ड्राइव दीजिए." मी खुशीत दिला. त्यांनी सगळं शाळेच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि म्हणाले, "अब आप इस उम्र में धूप में क्यों आएँगी? इसमें सब लिखा ही है, कोई भी पढ़कर सुना देगा."

मी म्हटलं, "फिर तो देवास गेट बस स्टैंड पर गाड़ियों के नाम पढ़नेवाला भोंपू भी मास्टर हुआ!"

ते हसले. त्यांना गंमत वाटली.

फळ्यावरचं लिखाण तास संपला की पुसलं जायचं, म्हणून पुढच्या तासाला मी लागायचे. या वेळी मी सगळंच लिहून दिलं.

अजून शिकवत असाल तर खरं सांगा, स्लाइडवर किती लिहिता आणि स्वतःजवळ किती ठेवता?