लहानी धवलारणीची साक्ष

माझी सासू लहानी धवलारीण. आमच्याकडे लगीन भटजी लावत नाय, धवलारीण लावते. ती धवले गाते, एकेका देवाला नावानं मांडवात बोलावते, तेव्हा कुठं नवरा-नवरी जोडली जातात. टोकावड्याच्या आसपासच्या पाड्यांवरची निम्मी लग्नं तिनंच लावलीत. अक्षर वाचता येत नाय, पण गाणं कधी अडलं नाय. आणि हट्टी किती, इचारू नका! भाजीत मीठ कमी पडलं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

शेजारच्या यमूची कुणाली नर्सचं शिकली. पाड्यातली पयलीच. तिला लंडनकडं म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी लागत होती. एजंट म्हणाला, "नर्सच्या नवऱ्यालापण तिकडं जाता येतं. सोबत नवरा म्हणून एक पोरगा दाखवायचा, फक्त कागदावर. सगळा खर्च तो करेल. तिकडं पोचलात की तू तुझ्या वाटेनं, तो त्याच्या." पोरगी भुलली. त्या पोराचं नाव प्रज्वल, कल्याणकडचा.

व्हिसासाठी मांडवातले, हळदीतले फोटो पाहिजे होते. कुणाली सासूला म्हणली, "आजी, खोटंच हाय, तू नुसती गा." सासू गायली, पण देव बोलावायचं गाणं तेवढं गिळलं. घरी येऊन मला म्हणते, "देवाला कशाला फसवू? पोरगी मोकळीच हाय बघ."

सहा महिन्यांनी पोलीस आले. एजंटानं अशी बरीच जोडपी पाठवली होती आणि मेल्यानं सगळ्या नवऱ्यांच्या डोक्यावर एकच फेटा घातला होता. व्हिसा देणाऱ्यांनी फोटो पाहून कुणालीचा व्हिसा अडवला आणि तक्रार केली. खोटं लगीन दाखवून परदेशात माणूस घुसवायला बघितला, असा गुन्हा लागला. एजंट पळाला. कुणाली आणि प्रज्वल सापडले, जामिनावर सुटले.

पोलीस सासूकडं जबाबाला आले. ती छाती पुढं काढून सांगते, "साहेब, हे लगीनच नाय! मी देव बोलावलेच नाय. पोरीनं काय पाप केलं नाय, सोडा तिला." साहेबानं खुशीत लिहून घेतलं, खाली अंगठा घेतला. मी बाजारातून आले तर बाई मजेत चहा पीत बसलेली. मी कपाळाला हात लावला. "अगो आई, लगीन खोटं, हाच तर गुन्हा हाय! तू पोरीला सोडवली का अडकवली?" सासूनं कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

कुणालीच्या वकिलानं सांगितलं, रीतीप्रमाणं लगीन पुरं झालं असं धवलारणीनं कोर्टात सांगितलं, तरच पोरगी वाचेल. नायतर जेल. यमू आमच्या ओट्यावर बसून रडली. मंगेशपण आला. तो टोकावड्याला जीप चालवतो. केस संपली की कुणालीशी लगीन करीन, म्हणून थांबला होता. सासू तीन दिवस जेवली नाय. चौथ्या दिवशी म्हणली, "सांगते."

मुरबाडच्या कोर्टात तिनं सांगितलं, "देव बोलावले होते." सरकारी वकील हसला. "आधी नाही म्हणालात, आता हो म्हणता. मग म्हणून दाखवा ना, कसे बोलावले?" त्याला वाटलं, म्हातारी अडखळेल. सासूनं कठडा धरला, डोळे मिटले आणि गायला लागली. हिरवा देव, कणसरी, वाघोबा, गावदेवी, एकेकाला नावानं हाक. कुणाली आणि प्रज्वल पलीकडं शेजारी शेजारी उभे होते. शिपाईसुद्धा हलला नाय. मला तर रडूच फुटलं.

लगीन खोटं असल्याचं सिद्ध होत नाय, म्हणून कोर्टानं दोघांना सोडलं. यमूनं पेढे वाटले. प्रज्वल कल्याणच्या एसटीत बसला तो गेलाच. त्याचा फोन बंद, पत्ता खोटा.

आठवड्यानं मंगेशची आई रंजना सुपारी घेऊन आली. सासू म्हणली, "मी गाणार नाय. कुणालीचं लगीन लागलंय."

"अगो, ते तर खोटं!" रंजना म्हणली.

"मांडवात खोटं होतं. कोर्टात मी देवांना हाक मारली, तेव्हा ती दोघं समोर होती. आता काडीमोड केल्याबिगर दुसरं लगीन नाय."

"देव काय कोर्टात येतात?" मी ओरडलेच.

"बोलावल्यावर येतात."

काडी मोडायची तर पंचांसमोर नवरा लागतो. तो आणायचा कुठून? दुसऱ्या धवलारणींनीपण कानावर हात ठेवले. वकील म्हणाला, कागदावरपण ती बायकोच हाय, आता काडीमोडासाठी परत कोर्टात जा, त्याला वर्षं लागतील. माझा असा संताप झाला! पण सासूवर ओरडून काय होणार? ती तर आधीच अर्धी झाली होती.

मंगेश वर्षभर थांबला. वैशाखात त्यानं सापगावची पोरगी केली. तिथं धवले गायला सासूच गेली, आता नाय म्हणायला कारण काय होतं?

दुसऱ्या दिवशी कुणाली आमच्याकडं आली. आता ती मुरबाडला एका दवाखान्यात काम करते. आवाज चढवला नाय तिनं. "आजी, जेलात गेले असते तर कधीतरी सुटले तरी असते."

सासू तिच्या पायावर डोकं ठेवायला वाकली. कुणालीनं पाय मागं घेतले.